दहा टक्क्यांच्या आतला प्रबंध

आग्रही : मॅडम, सॉफ्टवेअरला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते नव्हतं तेव्हा काय चालायचं ते तुम्हीही पाहिलंय. प्रबंधाला रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, व्हायवा झाला की पेढे, आणि मग ती प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जायची ती कायमची. तोच प्रबंध मुखपृष्ठ बदलून दुसऱ्या विद्यापीठात सादर झाला तरी कळायची सोय नव्हती. कुणाला कळलंच, तर पुढे काय करायचं याचा नियम नव्हता. प्रकरण टेबलावर पडून राहायचं, नाहीतर आरोप असलेला माणूस कुणाचा आहे हे बघून त्याचा निकाल लागायचा. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 च्या जुलैमध्ये नियम काढले आणि सगळ्यांना पहिल्यांदा एक माप मिळालं. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत गेलं तर विद्यार्थ्यानं सहा महिन्यांच्या आत प्रबंध दुरुस्त करून आणायचा. चाळीस ते साठमध्ये असेल तर वर्षभर तो सादरच करता येत नाही आणि साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. प्राध्यापकांनाही यातून सूट नाही. निबंध मागे घ्यावा लागतो, प्रकार गंभीर असेल तर वेतनवाढ जाते, दोन-तीन वर्षं नवा विद्यार्थी घेता येत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं 2019 पासून ‘शोधशुद्धी’मार्फत तपासणीचं सॉफ्टवेअर विद्यापीठांना दिलं. ‘शोधगंगे’वर देशभरातले प्रबंध कुणालाही घरबसल्या उघडता येतात. ज्याची कुठेच ओळख नाही अशा तालुक्याच्या गावातल्या मुलाला याचा केवढा आधार आहे! त्याचा आकडा सात आला, की निदान या एका बाबतीत तरी कुणाच्या रागालोभावर त्याचं नशीब लटकत नाही.

साशंक : आधार आहे, हे मी नाकारत नाही, सर. पण त्या सातापर्यंत पोचायची वाट तुम्ही पाहिली आहे का? जिथे पूर्वी ‘थिसिस टायपिंग व बाइंडिंग’ एवढीच पाटी असायची, तिथे आता टक्केही खाली आणून मिळतात. पहिला रिपोर्ट येतो चौतीस टक्क्यांचा. जुळलेल्या ओळी रंगीत दिसतात. मुलगा फक्त त्या रंगीत ओळी घेऊन बसतो. ‘महत्त्वाचा’ काढून ‘महत्त्वपूर्ण’ घालतो, कर्तरी वाक्याचं कर्मणी करतो, एक लांब वाक्य तोडतो, दोन आखूड जोडतो. दुसऱ्या फेरीला अठरा येतात, तिसऱ्या फेरीला नऊ. नऊ आले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. विचार कुणाचा होता, दाखले कुणी धुंडाळले, प्रकरणाची मांडणी कुणाच्या डोक्यातून आली, यात तसूभरही फरक पडलेला नसतो. उलट पहिल्या मसुद्यात मूळ लेखकाचं वाक्य निदान धड तरी होतं.

इंग्रजीत हेच काम यंत्राकडून करून घेतलं गेलं, त्याचं काय झालं ते गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये उघडं केलं. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’. असले शब्द असलेले शेकडो निबंध त्यांना छापील नियतकालिकांत सापडले. दुसऱ्याचा मजकूर समानार्थी शब्द भरणाऱ्या यंत्रातून काढला, की साम्य शोधणाऱ्या यंत्राला तो नवा वाटतो. हे मी समजू शकते. पण हे निबंध संपादकांच्या आणि तज्ज्ञ परीक्षकांच्या हाताखालून गेले होते. कर्करोगावर काम करणाऱ्या माणसानं ते शब्द एकदा जरी वाचले असते, तरी निबंध तिथेच थांबला असता. तो कुणी वाचलाच नव्हता.

आग्रही : पळवाटा निघतात म्हणून कायदाच चुकीचा असं आपण इतरत्र कुठे म्हणत नाही. आणि तुमचा सगळा भरवसा वाचणाऱ्या माणसावर आहे, तर वाचणाऱ्यांचा हिशेबही मांडू या. पुढे जर्मनीचे संरक्षणमंत्री झालेले कार्ल-थेओडोर त्सू गुटेनबर्ग यांना बायरॉइट विद्यापीठानं कायद्यातली डॉक्टरेट दिली ती सर्वोच्च श्रेणीची. तोलामोलाच्या परीक्षकांनी प्रबंध पाहिला होता. पानामागून पान उचललेला मजकूर त्यांच्यापैकी एकालाही खटकला नाही. 2011 च्या फेब्रुवारीत प्रकरण बाहेर आलं, शेकडो लोकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन ओळीला ओळ लावून दाखवली, आणि महिन्याच्या आत पदवीही गेली, मंत्रिपदही गेलं. ओळीला ओळ लावल्यामुळे. ‘मला असं वाटतं’ असं कुणी म्हणून ते झालं नसतं. दोन वर्षांनी त्याच देशाच्या शिक्षणमंत्री आनेट शावान यांची पदवी गेली आणि त्यांनाही पद सोडावं लागलं. शिक्षणमंत्री, मॅडम! आपल्याकडे एखाद्या कुलगुरूवर नुसता आरोप झाला तरी चौकशी समिती नेमायला वर्ष जातं.

साशंक : गुटेनबर्गचंच घ्या. ते बाहेर आलं कसं? ब्रेमेनचे एक कायद्याचे प्राध्यापक त्या पुस्तकाचं परीक्षण लिहायला बसले होते. वाचताना त्यांना शंका आली. जोडणी नंतर झाली, शंका आधी आली. आणि शंका यायला विषयातला मुरलेला माणूस लागतो. तुम्ही सांगितलेल्या परीक्षकांनी सही केली, या प्राध्यापकांनी वाचलं. माझा आग्रह या फरकासाठी आहे.

आता आपल्या घरचं सांगते. एकोणिसाव्या शतकावरचा एक मराठी प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. सोबत दाखला होता, साम्य चार टक्के. तिसऱ्या प्रकरणात मी अडखळले. भाषा मराठी, पण वाक्यं इंग्रजी वळणाची. तळटिपांमध्ये लंडनच्या इंडिया ऑफिस दप्तरातल्या कागदांचे क्रमांक होते आणि विद्यार्थी लंडनला कधी गेलेला नव्हता. या विषयावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक काढून शेजारी ठेवलं. तळटिपांचा क्रम तोच. एवढ्यावरही तो म्हणू शकला असता, की दोघांनी तीच साधनं वापरली. पण त्या इंग्रजी पुस्तकात एका तळटिपेत छपाईची चूक होती. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं साल 1873 च्या जागी 1837 पडलं होतं. प्रबंधातही 1837. जोतीरावांचा जन्म 1827 चा, म्हणजे दहाव्या वर्षी त्यांनी समाज स्थापन केला. हे लिहिणाऱ्याला खटकलं नाही, टाइप करणाऱ्याला खटकलं नाही, गाईडला खटकलं नाही आणि सॉफ्टवेअरला खटकण्याचा प्रश्नच नव्हता. अख्खं प्रकरण भाषांतरित होतं. इंग्रजीतून मराठीत आणलेली चोरी शब्दांची जुळणी करणाऱ्या यंत्राला कशी सापडणार?

त्यातून आपले कितीतरी प्रबंध अजून जुन्या फॉण्टमध्ये टाइप होतात. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच असतो. यंत्र तो खच वाचतं, जगात त्याच्याशी जुळणारं काही नसतं, आणि शून्य-एक टक्क्याचा दाखला मिळतो. ज्या मराठी पुस्तकांतून उचलायचं ती बहुतेक नेटवर नाहीतच. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतल्या मराठी प्रबंधांपुरतं बोलायचं तर हा दाखला म्हणजे न तपासताच दिलेली पावती आहे.

आग्रही : तळटिपेचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तुम्ही जे केलंत त्याला मी संशोधनच म्हणेन. पण ते किती जणांकडून होईल? प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी असू शकतात. महाविद्यालयातल्या गाईडला त्याशिवाय आठवड्याचे तास, परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली. मानधनाचं तर बोलायलाच नको. आणि समजा वेळ मिळाला. मग मला दुसरीच भीती वाटते. आपल्या विभागांत गट असतात, जात असते, जुनी भांडणं असतात. ‘मला यात दुसऱ्याचा हात दिसतो’ असं म्हणण्याचा अधिकार मी परीक्षकाला मोकळेपणी दिला, तर पहिला बळी कोण जाईल? ज्याची भाषा गाईडच्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली तो पहिल्या पिढीतला मुलगा. ‘तू हे लिहूच शकत नाहीस’ हे वाक्य कुणाला ऐकवलं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. आकडा मठ्ठ आहे, कबूल. पण त्याला आडनाव वाचता येत नाही.

साशंक : सर, हे तुम्ही बोललात ते मला आतून पटतं. ते वाक्य मी लोकांना ऐकवताना पाहिलंय. म्हणून तर आरोप करणाऱ्यावर पुराव्याचं ओझं पाहिजे. मूळ पुस्तक, पान, शेजारी शेजारी दोन उतारे. 2018 च्या नियमांतही पुराव्यासह तक्रार, विभागाची समिती, वर संस्थेची समिती, दोघींना पंचेचाळीस-पंचेचाळीस दिवस, विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकणं, सगळं आहे. ती चांगली तरतूद आहे. फक्त आपण तिच्यातली टक्केवारी तेवढी उचलली आणि समिती कागदावर ठेवली.

पण मुलांच्या चोरीवर आपण एवढं बोलतो, तेव्हा मला दुसऱ्या एका चोरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. विद्यार्थी चार वर्षं राबतो, निबंध लिहितो आणि वर पहिलं नाव गाईडचं. गाईडनं तो निबंध नीट वाचलेलाही नसतो. हे कुठल्या टक्क्यात बसतं? दोन लाखांत, तीन लाखांत प्रबंध लिहून देणारे आहेत. त्यांचा माल पूर्ण ‘ओरिजिनल’ असतो, सॉफ्टवेअर त्याला मनापासून पास करतं. लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसतं.

आणि हे सगळं सुरू का झालं? 2010 मध्ये आयोगानं शिक्षकाच्या बढतीला गुण लावले. निबंधाला गुण, परिषदेला गुण, आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात नवीन नियतकालिक येत नाही, तिथल्या शिक्षकालाही निबंध मागितले. मग पैसे भरून दहा दिवसांत छापणारी नियतकालिकं गावोगाव निघाली. पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्याच यादीतली एक हजार नऊ नियतकालिकं तपासली. त्यांतली अठ्ठ्याऐंशी टक्के निकषांत बसली नाहीत. 2018 च्या मे महिन्यात आयोगाला त्या यादीतून 4,305 नियतकालिकं काढावी लागली. ज्या संस्थेनं यादी केली तिच्याच यादीची ही गत! आता चोर म्हणून उभा कोण करायचा? टक्के खाली आणून घेणारा मुलगा?

आग्रही : तो मुलगाही, हो. इथे मी तुमच्याबरोबर येणार नाही. व्यवस्था वाईट होती म्हणून माझी सही खरी ठरत नाही. त्याच महाविद्यालयांत, त्याच पगारात, गावातली जुनी दप्तरं गोळा करून प्रामाणिक काम केलेले लोक आहेत. बढतीत त्यांच्या पुढे कोण गेलं? उचललेल्या निबंधांची गठडी घेऊन आलेला. वाङ्मयचौर्याला बळी नसतो असं आपण बोलतो. मी त्या बळींना मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेलं पाहिलंय. ज्याचं उचललं तो कदाचित अमेरिकेत असेल, त्याला पत्ताही नसेल. ज्याची जागा गेली तो इथेच असतो. आणि ‘आपल्या परंपरेत हे चालतं, पाठांतराची संस्कृती आहे’ असं कुणी म्हणालं की मला संताप येतो. ज्ञानदेवांनी व्यासांचं आणि आधीच्या भाष्यकारांचं ऋण ग्रंथातच मान्य केलंय. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो कशासाठी? एकाच्या ग्रंथात दुसऱ्याची ओवी मिसळू नये म्हणूनच ना? भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्या पानापानावर कुठला पाठ कुठल्या पोथीतला ते नोंदलेलं आहे. कुणाचं काय, हे सांगण्याची शिस्त आपल्याकडे बाहेरून आलेली नाही.

साशंक : परंपरेचा आडोसा मीही कधी घेणार नाही. पण शिक्षा वाढवली की काय होतं, तेही पाहा. 2025 पासून शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापायचं ठरलं. ऐकायला योग्य वाटतं. आता एखाद्या प्राध्यापिकेला कळलं, की आपल्या विद्यार्थ्यानं सहलेखनात चार परिच्छेद उचललेत. तिनं स्वतः संपादकाला पत्र लिहावं, निबंध मागे घ्यावा, हे खरं शहाणपण. पण तिची संस्था तिला काय सांगेल? गप्प बसा, क्रमांक घसरेल. देशातल्या एका फार मोठ्या शास्त्रज्ञाच्या गटाच्या 2011 मधल्या निबंधात काही वाक्यं दुसरीकडची निघाली. प्रस्तावनेतली वाक्यं होती, प्रयोग त्यांचे स्वतःचे होते. नियतकालिकात जाहीर माफी छापली गेली. त्यावर देशभर गदारोळ झाला. माफी मागितली याची दखल फार थोड्यांनी घेतली. चूक उघड करणाऱ्याला आणि चूक लपवणाऱ्याला आपण एकच वागणूक देत राहिलो, तर उघड कोण करेल?

आग्रही : आणि कुणीच काही केलं नाही तर? नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठाचं प्रकरण घ्या. कुलगुरूंच्या नावावरचा भौतिकशास्त्रातला निबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांच्या 1996 च्या निबंधावरून उचललेला होता. स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञांनी, त्यांत नोबेल मिळालेलेही होते, राष्ट्रपती कलामांना पत्र लिहिलं. 2003 मध्ये कुलगुरूंनी राजीनामा दिला. आपल्या घरातली चोरी थांबवायला नोबेलवाल्यांचं पत्र लागलं! म्हणून मला नियम हवा, मुदत हवी, आकडा हवा. त्यामुळे साधा अधिव्याख्याताही कुलगुरूंच्या विरुद्ध कागद पुढे करू शकतो. मोठ्या माणसाविरुद्ध ‘मी वाचलं, मला खटकलं’ म्हणण्याची ताकद कितीजणांत असते?

साशंक : फार थोड्यांत. मला 1837 सापडलं तेव्हा माझ्यातही ती सहज आली नाही. गाईड ज्येष्ठ होते. पण सर, तुमच्या आकड्याचे दिवसही आता भरत आलेत. मुलं आता प्रकरणच्या प्रकरण यंत्राकडून लिहून घेतात. ते वाक्य जगात आधी कुठेच नसतं, त्यामुळे साम्य शून्य. लिहिणाऱ्यानं एकही पुस्तक उघडलेलं नसतं आणि तुमच्या नियमात तो सर्वांत स्वच्छ विद्यार्थी ठरतो. ते यंत्रानं लिहिलंय की नाही हे सांगणारी दुसरी यंत्रं आली आहेत; ती प्रामाणिक मुलांनाही दोषी ठरवतात, विशेषतः ज्यांची इंग्रजी पुस्तकातून शिकलेली आणि घोटीव आहे त्यांना. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती वाटते तेच, पण आता आकड्याच्याच हातून.

आग्रही : याला माझ्याकडे उत्तर नाही. समितीत बसून मी उद्या काय पुरावा मागू? टिपणवह्या मागाव्यात, मसुदे मागावेत, कुठल्या दप्तरात कधी बसलात त्याच्या नोंदी मागाव्यात, व्हायवात तिसऱ्या प्रकरणावर तासभर प्रश्न विचारावेत. हे सगळं करता येईल. पण त्याला पुन्हा तुमचा वाचणारा माणूसच लागतो, आणि त्याच्यावर माझा भरवसा नाही. मग एकच सुचतं. त्यालाही उघड्यावर आणावं. शोधगंगेवर प्रबंध असतो, तसा परीक्षकाचा अहवालही असावा, नावासकट. त्यानं काय वाचलं, काय तपासलं, कुठे अडला, ते जगाला दिसू दे. 1837 कुणाच्या नजरेतून सुटलं तेही दिसू दे.

साशंक : आणि मग प्रत्येक अहवाल स्तुतिपाठ होईल. परीक्षकांची नावं बहुतेक वेळा गाईडच सुचवतो. आज मी तुमच्या विद्यार्थ्याला पास करते, उद्या तुम्ही माझ्या. बंद पाकिटात आज निदान कुणीतरी खरं लिहितो. पाकीट उघडलं तर तोही लिहिणार नाही. मी स्वतः त्या गाईडबद्दल उघड लिहिलं असतं की नाही, हे मला आत्ता छातीठोकपणे सांगता येत नाही.

आग्रही : पण तुम्ही लिहिलं असतंत, तर पुढच्या परीक्षकाला ते लिहिणं सोपं गेलं असतं. मला अजूनही वाटतं की प्रयोग करून पाहायला हवा. एका विद्याशाखेपुरता का होईना. आज स्थिती अशी आहे, की 2018 च्या नियमांत साम्याच्या चार पातळ्या आहेत, पहिली सोडून प्रत्येकीची शिक्षा ठरलेली आहे, गाईडचं प्रमाणपत्र आहे, दोन समित्या आहेत. परीक्षकानं प्रबंध वाचला की नाही, हे दाखवणारा एकही कागद त्यात मागितलेला नाही.